माझी सकाळ अकराव्या मजल्यावर

…आणि वर मलाच विचारतात, "हेमचंद्र, हल्ली तुम्ही इतके चिडता का हो?" चिडू नको तर काय ओवाळू? तुम्हाला सांगतो, वीज चोरली तर केस होते, पाणी चोरलं तर नळ कापतात, अहो देवळाबाहेरून चपला गेल्या तरी चार माणसं थांबून च्च् च्च् करतात, पण माणसाची आख्खी सकाळ कोणी उचलून नेली तर दाद कुठे मागायची? आहे खिडकी? मी गेलो होतो! एका सरकारी खिडकीसमोर जाऊन उभा राहिलो, आतला गृहस्थ डबा खात होता, मान वर न करता म्हणाला, "तक्रार कशाची? पाणी, कचरा, आवाज, उंदीर?" म्हटलं, ऊन. म्हणाला, "फार येतं?" म्हटलं, येतच नाही! म्हणाला, "मग बरंय की हो, लोक एसी लावतात त्यासाठी." आणि भेंडीची भाजी पुढे ओढली. संपली माझी तक्रार!

पण मला चोर ठाऊक आहे. नावानिशी, पत्त्यानिशी ठाऊक आहे. माझी सकाळ अकराव्या मजल्यावर आहे. हितेंद्रच्या घरी!

हितेंद्र म्हणजे हित्या. लालबागला आमच्या दोन चाळी, पुढची आणि मागची, मध्ये एक बोळ. पुढच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर मी, मागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर हा, गॅलरीसमोर गॅलरी. लहानपणी फोन होता कोणाकडे? मी आईचा कुंकवाचा आरसा पळवायचो, सकाळचं ऊन यायचं गॅलरीत धो धो, त्यात आरसा धरायचा आणि कवडसा मारायचा तो थेट ह्याच्या तोंडावर. की हा बॅट घेऊन खाली! कधी तो मला मारायचा, कधी मी त्याला. असा दोस्त हो! पुढे मोठा झाला, मिशी आली, चाळ कमिटीचा सेक्रेटरी झाला, मंडळाचा सेक्रेटरी झाला, ज्याला ज्याला म्हणून सेक्रेटरी लागतो त्या सगळ्याचा हा सेक्रेटरी झाला, आणि एक दिवस मागची चाळ पाडून तिथे टॉवर करायचं ठरलं.

आता ती मीटिंग ऐका. बिल्डरची माणसं आली, टाय लावून, नकाशे पसरले, सगळ्यांना बाटलीतलं पाणी दिलं, म्हणाले, "पुढच्या चाळीला काही शंका?" लालबागच्या माणसाला कसली शंका येणार? एकच! "बोळातून गणपती निघेल का?" झालं, पेटली मीटिंग! मूर्ती एवढी, मूर्तीवर मुकुट, मागे प्रभावळ, ट्रॉली वळणार कशी, कोपऱ्यावरचा खांब आडवा येतो त्याचं काय… हित्याने टेबलावर अशी मूठ आपटली की पाण्याच्या बाटल्या नाचल्या. "आमचा बाप्पा अडला ना, तर तुमची एक वीट लागू देणार नाही!" टाळ्या! शिट्ट्या! आमच्या शेजारच्या मीराबाई तर रडायलाच लागल्या. बिल्डर पण असला लबाड, त्याने तिथल्या तिथे बोळ रुंद करून दिला, खांब हलवून दिला, वर लेखी दिलं. आम्ही त्याच रात्री पेढे वाटले. तुम्हाला सांगतो, मूर्तीची उंची आम्ही बोटाच्या पेरापर्यंत मोजून दिली, टॉवरची उंची एका माणसाने विचारली नाही!

मग टॉवर वाढला. आणि वाढतच गेला. आम्ही गॅलरीत उभे राहून मान वर करतोय, मान वर करतोय, शेवटी मीराबाईंचा पदर मागे घसरला तरी टोक दिसेना. बाप्पा निघतो हो आता बोळातून, ऐटीत निघतो, दोन्ही बाजूंनी पोरं नाचत जातात… पण सूर्य अडकला त्याचं काय?

बरं, अडकला तर अडकला, तेवढ्यावर भागलं का? टॉवर डोक्यापासून पायापर्यंत काचेचा! म्हणजे सकाळी चहा प्यायला बसलो तरी घरात ट्यूब लावायची, दाढी चाचपडत करायची, आणि संध्याकाळी ऑफिसातून थकून भागून घरी आलो की मावळतीचं ऊन मागून येऊन त्या काचेवर आपटून तिरपं माझ्या तोंडावर. लख्ख! ज्या वेळी उजेड पाहिजे तेव्हा गुहा, आणि ज्या वेळी जरा डोळे मिटून पडावं तेव्हा कोणी तरी डोळ्यांत बॅटरी मारतंय. आमच्या चाळीत, तुम्हाला सांगतो, सकाळ संध्याकाळी होते!

हसताय? कावळे फसले हो! संध्याकाळी गॅलरीच्या कठड्यावर बसून काव काव करतात, आणि मीराबाई आतून ओरडतात, "गे बाय, ह्या वक्ताक कोण येतला जेवाक?" त्याच मीराबाई पापड संध्याकाळी वाळत घालतात. आणि पहिल्या मजल्यावरचे बाबुराव! जन्मभर सूर्याला अर्घ्य देणारा माणूस, सकाळी सूर्य दिसेना म्हणून कासावीस झाले बिचारे, मग त्यांनी संध्याकाळी काचेतला सूर्य गाठला. तांब्या घेऊन उभे राहतात, टॉवरकडे तोंड करून, डोळे मिटून, ओम सूर्याय नमः. आणि तिकडे वर, अकराव्या मजल्याच्या बाल्कनीत, हित्या! त्याला वाटतं बाबुराव आपल्यालाच नमस्कार करतायत. तो हात हलवतो! अहो ह्या माणसाने आमचा सूर्य खाल्ला आणि वर अर्घ्यही घेतोय!

कारण मागच्या चाळीतल्या सगळ्यांना मिळाले खालचे मजले, सेक्रेटरीसाहेबांना मात्र अकरावा. कसा? मला विचारू नका, माझं बीपी वाढतं. वास्तुशांतीला गेलो होतो मी, चांगला शर्टपीस घेऊन गेलो होतो. हा मला खांद्याला धरून फिरवतोय. "ही मास्टर बेडरूम. हे बघ हेमू, इथून तुझी खोली दिसते. केवढीशी दिसते ना?" केवढीशी! त्या 'केवढीशी'साठी मी शर्टपीस परत मागणार होतो. आणि तेव्हापासून दर सुट्टीला हा बाल्कनीत उभा राहून हात हलवतो आणि ओरडतो, "काय हेमूऽऽ, कसं काय खालीऽऽ?" खाली! ऐकलंत? खाली म्हणाला! माझी सकाळ अकराव्या मजल्यावर घेऊन बसलाय आणि मला विचारतोय कसं काय खाली!

आता खरं सांगतो. माझी झोप गेली. गेली म्हणजे वेळेवर येईनाच. संध्याकाळी अंगात नुसता उत्साह, कपाटं काय आवरतोय, पंखे काय पुसतोय, बायको, सुमेधा, म्हणते, "अहो जेवा आता," मला भूकच नाही. सगळी चाळ घोरायला लागली तरी मी आपला मोबाइल छातीवर धरून जागा, आणि पहाटेकडे कधी तरी डोळा लागतो तोच गजर. मग तो गजर मी बंद करायचा, सुमेधाने लावायचा, मी उशीखाली दाबायचा, तिने उशी ओढायची. ऑफिस फोर्टला, बसमध्ये झोपलो की कुलाब्याला उठायचो. एकदा साहेबांची मीटिंग, साहेब तास झाला बोलतायत, शेवटी म्हणाले, "एनी क्वेश्चन्स? हेमचंद्र?" आणि मी झोपेत, सगळ्यांसमोर, स्पष्ट आवाजात म्हणालो, "पडदा ओढ गं."

हसा! ऑफिस पण हसलं. पण त्यानंतर एका सकाळी मी खाटेवर बसलो होतो, एक मोजा पायात, एक हातात. आणि तो दुसरा मोजा घालवेना. काही झालं नव्हतं हो. कोणी मेलं नव्हतं, भांडण नव्हतं, पगार झाला होता. बाहेर काळोख, आत ट्यूब, आणि मला एकदम वाटलं की आता हे असंच राहणार, आपल्याला कधी बरं वाटणारच नाही. आणि मी रडायला लागलो. पन्नाशी उलटलेला माणूस, हातात मोजा धरून! सुमेधा चहा घेऊन आली ती तशीच दारात उभी राहिली. कप खाली ठेवला, तो मोजा माझ्या हातातून घेतला आणि माझ्या पायात घातला. मग म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे जायचं. मनाच्या." मी म्हटलं, मी काय वेडा आहे? म्हणाली, "तुम्ही घाबरलाय. मी पण घाबरलेय. उठा."

दादरला गेलो. डॉक्टर नूपुर. वय काय असेल, माझ्या मुलीएवढी, आल्या आल्या मला "काका" म्हणाली, तिथेच माझं अर्धं डोकं सटकलं. सगळं ऐकून घेतलं, टॉवर, काच, कावळे, सगळं लिहून घेतलं, आणि म्हणते, "काका, मेंदूत एक घड्याळ असतं. त्याला रोज चावी द्यावी लागते, सकाळच्या उजेडाची. तुमच्या घड्याळाला सकाळी चावीच मिळत नाही, आणि संध्याकाळी ते मंदावायला लागतं तेव्हा तुम्ही त्याला लख्ख उजेडात बसवता, रात्री वर मोबाइल. त्या बिचाऱ्याने समजायचं काय? शरीर लालबागला आणि मेंदू लंडनला, असं झालंय तुमचं. झोपेचं वेळापत्रक बिघडलं की मन पण बिघडतं. राग येतो, रडू येतं, सगळं काळं दिसतं. ह्यात तुमचा काही दोष नाही."

म्हटलं, ते मला माहीतच आहे, दोष हित्याचा आहे! म्हणाली, "गोळ्यांचं नंतर बघू. आधी रोज उठल्या उठल्या अर्धा तास उघड्यावर, सकाळच्या उजेडात. संध्याकाळी गॅलरीला जाड पडदा. रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत." दुसऱ्या खोलीत! बाई, आमची खोली एकच आहे! आणि औषध काय सांगते, तर ऊन! मी जिन्यातच सुरू झालो. ऊन आणू कुठून? ते काय केमिस्टकडे मिळतं? म्हणजे माझी सकाळ अकराव्या मजल्यावर, आणि औषधही अकराव्या मजल्यावर! सुमेधाने तिथेच दादरला जाड पडद्याचं कापड घेतलं. मी सांगितलं, पडदा लाव, मोबाइल मोरीत ठेव, पण मी सकाळी उठून उन्हं शोधत हिंडणार नाही. मी काय सरडा आहे?

मला औषध नको होतं हो. मला सूड पाहिजे होता!

आणि सूड सुचला! गणपतीच्या आधी मंडळाच्या खोलीत साफसफाई चालली होती, जिन्याखालची खोली, आणि तिथे शीशमहालाच्या देखाव्याचे आरसे रचून ठेवलेले. आरसे बघितले आणि माझं डोकं जे सुरू झालं! मंडळाच्या वैभवला म्हटलं, एक आरसा पाहिजे. "कशाला काका?" दाढी करायला. "काका, हा दरवाज्याएवढा आहे." म्हटलं, मोठी दाढी आहे, तू चावी दे.

आता आरसा आहे, पण ऊन? मी गच्चीवर गेलो टेहळणी करायला. आणि काय सांगू! पाण्याच्या टाकीजवळ एक कोपरा आहे, तिथे टॉवरच्या कडेवरून घसरून सकाळचं ऊन येतं. आपलं हक्काचं, अस्सल, पूर्वेचं ऊन! बाकी चाळ काळोखात आणि तिथे चटईएवढा सोन्याचा तुकडा. पण येतं लवकर. म्हणजे मला उठायला हवं. आणि तुम्हाला सांगतो, जो मी कोणाच्या बापाला ऐकत नव्हतो, तो मी गजराच्या आधी उठलो! सुडाच्या नुसत्या विचाराने उठलो! सुमेधा घाबरून म्हणते, "काय झालं? दुखतंय का कुठे?" म्हटलं, झोप तू. मी एकाची झोपमोड करून येतो.

पहिल्या दिवशी नेम बसेना. कवडसा सरकला तो नवव्या मजल्यावर, तिथे एक बाई केस विंचरत होत्या, त्या किंचाळल्या. वर घेतला, दहाव्यावर कोणाचं तरी कुत्रं भिंतीवर त्याच्यामागे उड्या मारायला लागलं. अजून वर… अजून… आणि मग हळूच, हित्याच्या मास्टर बेडरूममध्ये! आधी छतावर फिरवला, मग भिंतीवर, मग खाली. आणि आतून आवाज आला, "अरे कोण आहे रे ऽऽ!" सेक्रेटरीसाहेब बनियनवर बाल्कनीत! डोळ्यांवर हात! मी टाकीमागे. अहो, माझ्या लग्नात मला एवढा आनंद झाला नव्हता. "केवढीशी दिसते ना?" आता बघ म्हटलं, केवढीशी!

मग काय, रोजचा नेम. ऊन असो, विरळ ढग असो, मी हजर. आरसा धरून, हात भरून येईपर्यंत उभा. आपली सकाळ अकराव्या मजल्यावर आहे ना, मग ती ह्याच्या डोळ्यांत खुपसायची! बाबुरावांनी एक दिवस वर येऊन बघितलं, त्यांना खरा सूर्य सापडला, तेही तांब्या घेऊन माझ्या शेजारी. सुडाच्या जागी सत्संग झाला हो, पण मी ढळलो नाही!

पुन्हा डॉक्टर नूपुर. "काका, झोप?" म्हटलं, रात्री जेवलो की डोळे मिटतात, बातम्या पण पुऱ्या होत नाहीत. "भूक?" दणकून. "रडू?" छे! "मग सकाळी उजेडात उभे राहता तर!" म्हटलं, वेळ कुठाय मला? सकाळी मी गच्चीवर उन्हात आरसा धरून अर्धा तास… आणि माझं तोंड तसंच उघडं राहिलं. सुमेधा खिडकीबाहेर बघत होती, खांदे हलत होते तिचे. तीन महिने मी ज्या औषधाच्या नावाने शंख केला, तेच औषध मी रोज सकाळी घेतोय, न चुकता, स्वतःच्या पायांनी जिने चढून! बरं वाटतंय हे कळल्यावर मला इतका संताप आला म्हणून सांगू! पण म्हटलं, जाऊ दे. मी बरा झालो तर झालो, तिकडे हित्या तर तळमळतोय ना!

त्याच रविवारी दारावर टकटक. हित्या! हातात पेढे! मी म्हटलं, आला भांडायला, मी बाह्या वर केल्या. तो आत आला आणि त्याने मला मिठी मारली. असा मोठा माणूस, मिशीवाला, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके! "हेमू, तूच रे. तुझ्याशिवाय कोणाच्या लक्षात येणार?" म्हटलं, काय लक्षात येणार? म्हणाला, "वर गेल्यापासून माझी सकाळच होत नव्हती रे. आमची बाजू पश्चिमेची. सकाळी काळोख, संध्याकाळी भट्टी. पडदे ओढून पडून राहायचो. झोप नाही, कोणाशी बोलावंसं वाटत नाही, लिफ्टमध्ये कोणी ओळख दाखवत नाही. बायकोला, आकांक्षाला सांगायचो, मला नाही बरं वाटत गं, पण काय होतंय ते कळत नाही. सुट्टीच्या दिवशी तू गॅलरीत दिसायचास, तुला हाक मारायचो, तेवढंच. आणि एक दिवस कवडसा आला! मी उठून बसलो. म्हटलं, हेमू बोलावतोय. लहानपणीसारखा!"

मी वर केलेल्या बाह्या खाली केल्या. म्हणजे माझी सकाळ अकराव्या मजल्यावर नव्हतीच! ती सगळी टॉवरच्या पलीकडच्या बाजूला, पूर्वेच्या फ्लॅटमध्ये, आणि तिथली माणसं काय करतात, माहितीय? जाड पडदे लावून झोपतात! आणि हा माझ्यासमोर बसून डोळे पुसतोय. म्हणालो, "पण तू टाकीमागे मला बघितलंस कसं रे?" म्हणतो, "हेमू, आरशापेक्षा तुझं टक्कल जास्त चमकतं." सुमेधा ओट्यापाशी पेढा खात खात हसतेय. माझी सकाळ चोरीला गेली, सूड चोरीला गेला, आता दुष्मन पण चोरीला गेला!

थांबवलं असेल असं वाटतं ना तुम्हाला? कसं थांबवू? डॉक्टर म्हणते, खंड पाडू नका. बाबुराव तांब्या घेऊन जिन्यात वाट बघत असतात, आणि अर्घ्यातलं अर्धं पाणी माझ्या पायावर पडतं. नवव्या मजल्यावरच्या बाईंचा निरोप आलाय, "काका, आमच्या तुळशीवर पण जरा दोन मिनिटं." दहाव्यावरचं कुत्रं कवडसा आला नाही तर जेवत नाही म्हणे. आणि हा बघा, हा आत्ता, तुमच्याशी बोलता बोलता मेसेज आला, थांबा, चष्मा… हां. "हेमू, उद्या जरा लवकर मार, आकांक्षाला एअरपोर्टवर सोडायचंय. आणि डोळ्यावर नको रे, पायाकडून सुरू कर."

बघितलंत? पायाकडून सुरू कर! तुम्हाला सांगतो, माझी सकाळ अकराव्या मजल्यावर आहे, अजूनही आहे, फरक एवढाच की आता रोज जिने चढून मीच ती वर पोचवतो… आणि गिऱ्हाईक वेळ सांगतंय. चला, येतो मी. जांभई आली. लवकर उठायचंय.